सलग सात लाल

गेमवर, म्हणजे दुकानातल्या पडद्यावर पैसे लावून खेळायच्या रोलेटवर, बसणाऱ्या माणसाला हिशेब कळत नाही म्हणून तो बुडतो, अशी बहुतेकांची समजूत असते. मला हिशेब कळत होता. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात निरीक्षक आहे; वाहनांचे सुटे भाग मोजायचे, त्या मापांचे आलेख काढायचे आणि यंत्राची सेटिंग सरकू लागली आहे हे भाग नापास होण्याआधीच आलेखावरून ओळखायचे, हे माझे रोजचे काम. गोळी कोणत्या घरात थांबेल यावर पैसे लावायच्या रोलेटच्या चाकावर ० ते ३६ अशी ३७ घरे असतात, एका आकड्यावर लावलेला रुपया लागला तर त्यावर ३५ रुपये मिळतात, म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सरासरी २ रुपये ७० पैसे दुकानाकडे राहतात, हे मी सुरुवातीलाच वहीत मांडून पाहिले होते. शंभर-शंभरचे डाव खेळत राहिले तर हजार रुपये सरासरी ३७० फेऱ्यांत संपतात, हेही काढले होते. ती वही खिशात ठेवून मी खेळायला जात असे.

ज्यांनी असे दुकान आतून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाटीवर व्हिडिओ गेम किंवा लॉटरी असे काहीतरी लिहिलेले असते, दाराच्या काचेला काळी फिल्म असते, बाहेर चार-सहा दुचाकी आणि शेजारी पानटपरी असते. आत भिंतीला लागून पडदे आणि त्यांच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या. काउंटरवर पैसे दिले की तिथला मुलगा तितके पॉइंट तुमच्या मशीनवर टाकतो, एक पॉइंट म्हणजे एक रुपया. उठताना शिल्लक पॉइंट सांगितले की रोख हातात मिळते. पावती कशाचीच नसते. रोलेटने नाशिक शहरात आणि तालुक्याच्या गावांत काय करून ठेवले आहे ते इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. द्राक्षाच्या हंगामाचे पैसे हाती आले आणि घरी पोहोचलेच नाहीत, अशी निफाड-दिंडोरीकडची माणसे माझ्याही ओळखीत आहेत.

मी ज्या दुकानात खेळत असे ते कारखाना आणि सिडकोतले घर यांच्या मधल्या रस्त्यावर होते. मुद्दाम वाट वाकडी करून मी जुगार खेळायला गेलो असतो असे मला वाटत नाही. पहिली पाळी साडेतीनला सुटते आणि साडेतीन ते सहा या वेळेचा जाब घरी कोणी विचारत नव्हते, कारण ओव्हरटाइम हे उत्तर तयार होते.

इंग्लंडमधल्या बेटिंगच्या दुकानांविषयी मी बऱ्याच नंतर वाचले. घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणारी ही परवानाधारक दुकाने तिथे भरबाजारात असतात आणि प्रत्येक दुकानात जुगाराची जास्तीत जास्त चार यंत्रे ठेवायला कायद्याने परवानगी आहे. या यंत्रांवर रोलेट हाच सर्वांत चालणारा खेळ होता. एका फेरीला १०० पौंडांपर्यंत लावता येत असे आणि फेरी २० सेकंदांची असे. कागदावर मांडले तर तासाला १८० फेऱ्या, त्यांत १८,००० पौंड लावले जाणार आणि त्यांतले सुमारे ४८६ पौंड सरासरीने जाणार. तेही चाक अगदी प्रामाणिक असताना. पुष्कळ वाद झाल्यावर १ एप्रिल २०१९ पासून ही मर्यादा १०० पौंडांवरून एकदम २ पौंडांवर आणली गेली. निर्णय लांबणीवर टाकला जात आहे म्हणून ट्रेसी क्राउच या क्रीडा खात्याच्या मंत्र्यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये राजीनामा दिला होता. तिथल्या खेळणाऱ्यांच्या हकिगती वाचताना मला परके असे काही वाटले नाही. कामावरून घरी जाण्याचा रस्ता, त्या रस्त्यावरचे दुकान, पगाराचा दिवस, सगळे ओळखीचे होते. एक फरक मात्र होता. मला आत घेऊ नका, असे तिथला माणूस दुकानाला लेखी देऊ शकतो आणि ते परिसरातल्या इतर दुकानांनाही लागू करून घेऊ शकतो. आमचे दुकान कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते, त्यामुळे असा अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा हा प्रश्नच होता.

माझ्या कामाच्या सवयीनेच मला त्या पडद्यासमोर अधिक कच्चे केले, असे आता माझे मत झाले आहे. कारखान्यात आम्ही ठरावीक वेळाने पाच भाग उचलतो, मोजतो आणि त्यांची सरासरी आलेखावर टिंबाने मांडतो. वॉल्टर शूहार्ट यांनी अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीसाठी १९२४ मध्ये हा आलेख तयार केला आणि आजही अंबड-सातपूरच्या शेडमध्ये तोच भिंतीवर लावलेला असतो. त्याचा एक नियम प्रत्येक निरीक्षकाला पाठ असतो. सलग सात टिंबे मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडली तर तो योगायोग समजायचा नाही. टूल झिजले असेल, भाग धरून ठेवणारे फिक्स्चर हलले असेल, मालाची बॅच बदलली असेल, काहीतरी घडले आहे असे धरून शोध घ्यायचा. रोलेटच्या पडद्याच्या कडेला मागचे निकाल लाल-काळ्या रंगांत ओळीने दाखवलेले असतात. सलग सात लाल आले की माझ्यातला निरीक्षक जागा होई आणि मी काळ्यावर दुप्पट लावत असे. कारखान्यात हा नियम खरा ठरतो, कारण तिथे प्रत्येक भाग आधीच्या भागाने केलेली टूलची झीज सोबत घेऊन येतो. चाकाच्या प्रत्येक फेरीचा मागच्या फेरीशी काडीचाही संबंध नसतो. मोंटे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी काळा रंग सलग २६ वेळा आला आणि आता लाल येणारच म्हणून लावत सुटलेल्या लोकांचे अतोनात नुकसान झाले, ही गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती. प्रशिक्षणाच्या वर्गात नव्या मुलांना ती मीच सांगत असे.

दुसरी गोष्ट हुकण्याची. मी १७ वर लावलेले असे आणि पडद्यावरची गोळी अडखळत २५ च्या किंवा ३४ च्या घरात जाऊन बसे. चाकावर १७ च्या दोन्ही बाजूंना हेच आकडे असतात. एका घराने गेले, असे मन म्हणे, आणि हात पुन्हा १७ वर जाई. वास्तविक पडद्यावर गोळीही नसते आणि चाकही नसते. आकडा प्रोग्रॅमने आधीच ठरवलेला असतो आणि गोळीचे घरंगळणे त्यानंतर दाखवले जाते, त्यामुळे १७ वर लावणाऱ्याला २५ आला काय आणि ३ आला काय, सारखेच. केंब्रिज विद्यापीठातल्या ल्यूक क्लार्क यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेंदूचे स्कॅन घेऊन असे दाखवले होते की थोडक्यात हुकलेला डाव हा हरलेलाच डाव असूनही, जिंकताना मेंदूतले जे भाग उत्तेजित होतात त्यांतलेच काही भाग तो उत्तेजित करतो आणि पुढे खेळण्याची इच्छा वाढवतो. पुढे ज्यांच्याकडे उपचार घेतले त्या डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा मला आधी बरे वाटले आणि घरी येईपर्यंत रागाने डोके तापले, कारण गोळी शेजारच्या घरात किती वेळा पडलेली दाखवायची हेही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्याच हाती असते.

वरचा २ रुपये ७० पैशांचा हिशेबही प्रामाणिक चाकाचा झाला. आमच्या दुकानात ० ते ९ अशा दहा आकड्यांची चकरीसुद्धा होती. तिच्यावर लागलेल्या रुपयाचे नऊ मिळत, म्हणजे शंभरातले दहा दुकानाचे, आणि त्याच हजार रुपयांना ३७० ऐवजी १०० फेऱ्या पुरत. यंत्र कोणी तपासलेले नाही, आतला प्रोग्रॅम कोणी मंजूर केलेला नाही. कारखान्यात मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनचा, म्हणजे तो तपासून घेतल्याचा, स्टिकर नसेल तर मी तो हातातही घेत नाही.

पैसे मिळवण्यासाठी जातो, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो आणि सुरुवातीच्या काळापुरते ते खरेही होते. एकदा एका आकड्यावर लावलेले हजार लागले आणि त्या पैशांतून घरी वॉशिंग मशीन आले. बायकोला मी तो ओव्हरटाइमचा फरक म्हणून सांगितला. पुढे पुढे मात्र जिंकलेले पॉइंट रोख करून उठण्याची इच्छाच उरली नाही. खुर्चीत बसले की डोक्यातले सगळे थांबत असे. ग्राहकाकडून परत आलेला माल, मुलीच्या दहावीच्या क्लासची फी, आईची वाढलेली साखर, यांतले काहीही पुढच्या फेरीच्या आत शिरू शकत नसे. त्या दोन-अडीच तासांच्या शांततेसाठी मी हरत होतो, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. त्यानंतर हरलेली रक्कम हेच बसण्याचे कारण झाले. काल गेलेले आज काढायचे आणि काढले की कायमचे सोडायचे, हा विचार इतका शहाणपणाचा वाटतो की तोच रोगाचा गाभा आहे हे आतल्या माणसाला दिसत नाही.

कर्जाचा तपशील फार रंगवून सांगण्यासारखा नाही. पतसंस्थेचे वैयक्तिक कर्ज, लॉकरमधल्या पाटल्यांवर काढलेले सोनेतारण, खात्यातल्या तिघा-चौघांकडून हातउसने आणि शेवटी महिन्याला शेकडा दहाने पैसे देणारा एक माणूस. त्याचा वसुलीवाला घरी येऊन गेला तेव्हा सगळे उघडे पडले. बायको रडली नाही, भांडलीही नाही. बराच वेळ हिशेबाचे कागद उलटेपालटे केल्यावर तिने विचारले, “अहो, वॉशिंग मशीनपण त्यातलंच का?” मी हो म्हणालो. ते मशीन अजून चालते. ते विकून टाकू, असे मी सुचवले होते. चादरी तुम्ही हाताने धुणार असाल तर विका, असे उत्तर मिळाले.

आता कायद्याविषयी, कारण त्याचा माझ्या आजाराशी चमत्कारिक संबंध आला. महाराष्ट्रात असे अड्डे १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली येतात. त्याचे कलम ४ अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे आणि कलम ५ तिथे खेळताना सापडलेल्या माणसासाठी. लॉटरीच्या पाटीचा आडोसा घेणाऱ्यांपुरते बोलायचे तर केंद्राचा १९९८ चा लॉटरी कायदा एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत काढू देत नाही आणि एकट्या अंकावर बक्षीसही ठेवू देत नाही. मिनिटा-मिनिटाला एक आकडा उघडणारी वस्तू त्यात कशी बसेल? छापा पडला की दुकान बंद होई आणि ते दिवस मला फार सोपे जात. आपण सुटलो असे वाटू लागे. मग दुसऱ्या गल्लीत तेच पडदे लागत आणि मला त्याची खबर पहिल्या दिवशीच कळत असे. दरम्यानच्या काळात मोबाइल होताच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे आणि खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. ही शेवटची तरतूद मला मोलाची वाटते. कलम ५ च्या भीतीने मी डॉक्टरांनासुद्धा आधी ‘मोबाइलवर खेळतो’ एवढेच सांगितले होते आणि त्यामुळे त्यांचे सुरुवातीचे सगळे सल्ले मोबाइलविषयीच होते.

गंगापूर रोडवरच्या या मनोविकारतज्ज्ञांकडे मला मेहुण्याने नेले. इच्छाशक्ती वाढवा, असे काहीतरी ऐकायला मिळेल या तयारीने मी गेलो होतो. त्यांनी मला आजाराचे स्थान सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे जे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले त्यात जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर एकाच गटात ठेवला आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हाच बदल २०१३ मध्ये केला होता. दारूच्या व्यसनात वापरले जाणारे नाल्ट्रेक्सोन हे औषध या विकारातही काही रुग्णांना दिले जाते, ते त्यांनी मला काही काळ दिले. त्याने इच्छा गेली नाही, तिचा जोर उतरला. रात्री फार अस्वस्थ झालो तेव्हा मी १४४१६ वर बोललो आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

डॉक्टरांच्याच सांगण्यावरून मी एका व्यसनमुक्ती गटाच्या साप्ताहिक बैठकीलाही जाऊ लागलो. तिथे बाकी सगळे दारूचे. सातपूरचे एक गृहस्थ माझी हकिगत ऐकून म्हणाले, “तुमचं बरं आहे, तोंडाला वास येत नाही.” त्यांच्या शेजारचे लगेच म्हणाले, “तेच तर वाईट. आपल्या घरच्यांना दारातच कळायचं.” त्या दोन वाक्यांत माझ्या आजाराविषयी मला डॉक्टरांकडे कळले त्यापेक्षा जास्त कळले. दारूड्याचे पाय लटपटतात, डोळे लाल होतात, यकृत सुजते. मी हजारो रुपये हरून घरी येत असे आणि कपड्यांची घडीही मोडलेली नसे.

डॉक्टरांनी एक वही लिहायला लावली. खेळण्याची इच्छा केव्हा झाली, त्या वेळी मी कुठे होतो, सोबत कोण होते, खिशात किती पैसे होते. वही भरत आली तेव्हा मी सवयीने तिचा पॅरेटो आलेख काढला, म्हणजे कोणते कारण किती वेळा आले ते उतरत्या उंचीच्या रकान्यांनी मांडले. सर्वांत उंच रकाना साडेतीन ते सहा या वेळेचा निघाला आणि त्याच्या खालोखाल खिशात पाचशेपेक्षा जास्त रोख असल्याचा. भांडण, ताण, एकटेपणा, ज्यांच्यावर मी सगळे खापर फोडत होतो, ते रकाने कुठे कोपऱ्यात बुटके उभे होते. आलेख पाहून डॉक्टर हसले आणि म्हणाले की मग उपचारही तुमच्याच कारखान्यातला करा.

आमच्याकडे पोका-योके नावाची पद्धत आहे. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात ती रूढ केली. कामगाराने काळजी घ्यावी, असे फलक लावण्याऐवजी भाग फिक्स्चरमध्ये उलटा बसूच शकणार नाही अशा जागी एक पिन ठोकून द्यायची. बायको आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून माझ्या पैशांसाठी अशा पिना ठोकत गेलो. पगाराच्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बदलून तिचा दिला. खात्याला नोंदवलेले सिम ज्या फोनमध्ये असते त्यातूनच यूपीआय सुरू करता येते, त्यामुळे माझ्या फोनवर ते पुन्हा सुरू होण्याचा मार्ग बंद झाला. आधारलाही तिचाच क्रमांक जोडला, म्हणजे झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचा ओटीपी तिच्याकडे जाणार. एटीएम कार्ड तिच्या पर्समध्ये, उरलेले दागिने तिच्या माहेरी. कारखान्यातल्या सहकाऱ्यांची भिशी मी सोडली, कारण भिशी लागण्याचा दिवस म्हणजे एकरकमी रोख. दुचाकी घरी ठेवून मी कंपनीच्या बसने जाऊ लागलो. ती पाथर्डी फाट्यावरून जाते आणि दुकानाच्या रस्त्याला लागतच नाही. चहा-नाश्त्याला कँटीनची कुपने असतात. खिशात दिवसाला शंभर रुपये.

ही व्यवस्था बाहेरून फार नेटकी दिसते. आत राहणाऱ्याला ती कशी जाते, हे अशा व्यवस्थेच्या बाजूने बोलणारे सांगत नाहीत म्हणून लिहितो. लग्नाच्या आहेराचे पाकीट बायको देते आणि मी शेजारी उभा असतो. केस कापायला निघताना मुलीच्या देखत पैसे मागावे लागतात. बायकोलाही ते आवडत नाही. “मी तुमची चौकीदार व्हायला लग्न केलं नव्हतं,” हे ती चिडून म्हणाली नव्हती; सरळ वस्तुस्थिती सांगावी तसे म्हणाली होती, म्हणून जास्त लागले.

आणि पिना ठोकूनही भोक राहिले. बायको घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. साडेतीनची वेळ भरून काढायला तयार कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवण्याचे काम मी अंगावर घेतले होते, आणि त्यासाठी दुचाकी पुन्हा बाहेर निघाली होती. पवननगरच्या एका बाईंनी लग्नाच्या ब्लाउजांचे पैसे रोखीने माझ्याच हातात दिले. तिथून मी गेमवर गेलो. हरण्याचे वाईट नंतर वाटले. बसताक्षणी जे वाटले ते खोल बरे वाटणे होते, आणि ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण सुटलेल्या माणसांच्या गोष्टींत ते सहसा गाळलेले असते.

घरी मी सांगितले. कारखान्यात दोष सापडल्यावर आम्ही पाच वेळा ‘का’ विचारत मुळाशी जातो, तसे करायला मी बसलो. रोख माझ्या हाती आली, का आली, बिल देण्याची दुसरी सोय नव्हती, का नव्हती. बायकोने थोडे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अहो, तुमच्या त्या पिनेचं काम चालतं कारण भागाला उलटं बसायचंच नसतं. तुम्हाला बसायचं असतं.” इतकी वर्षे पोका-योके शिकवून मला जे सुचले नव्हते ते तिने शिवणयंत्राशेजारी उभे राहून सांगितले. धातूचा तुकडा पिनेला वळसा घालायचा मार्ग शोधत नाही. मी रोज शोधत होतो, आणि व्यवस्था माझ्याच हाताने उभी केलेली असल्यामुळे तिच्यातल्या फटी मलाच सर्वांत आधी दिसत होत्या.

तेव्हापासून गिऱ्हाइकांसाठी तिच्या खात्याचा क्यूआर कोड पिशवीवर चिकटवला आहे आणि कपडे पोहोचवण्याचे काम मुलगी सायकलवरून करते. त्याहून अवघड बदल दुसरा आहे. फट दिसली की वापरण्याआधी बोलून दाखवायची, असे ठरले आहे. शेजारी उसने नेलेले पैसे माझ्याकडे परत देणार आहेत, कंपनी बुटांचे पैसे या वेळी रोख देणार आहे, अशा बातम्या मी संध्याकाळी चहाबरोबर देतो. सांगून टाकल्यावर त्या पैशांतली ओढ बरीच कमी होते, याचे कारण डॉक्टरांनी काहीतरी समजावले होते. मला त्या कारणात फारसा रस राहिलेला नाही.

नातेवाइकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. माझे थोरले बंधू सिन्नरला असतात. जमिनीचा तुकडा विकतो आणि तुझे सगळे देणे एका दिवसात मोकळे करतो, असे दादा म्हणाले होते आणि ते मनापासून म्हणाले होते. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून नको म्हणून सांगितले. कर्ज एकदम नाहीसे झाले की खेळणाऱ्याच्या मनात ते एका मोठ्या लागलेल्या आकड्यासारखेच नोंदवले जाते आणि हरण्याचा परिणाम कोणीतरी पुसून टाकतो हेही नोंदवले जाते. दादांना ते पटायला वेळ लागला. त्याऐवजी त्यांनी आणि मेहुण्याने सावकाराचा प्रश्न अंगावर घेतला. महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय व्याजाने पैसे देता येत नाहीत आणि त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. अर्जाची प्रत दाखवल्यावर त्या माणसाने मुद्दलावर मिटवले. पतसंस्थेचा हप्ता पगारातून परस्पर जातो. पाटल्या सर्वांत शेवटी सोडवायच्या, हा बायकोचा निर्णय आहे आणि त्याचे कारण तिने सांगितलेले नाही.

इच्छा अजून होते. पूर्वीइतकी वारंवार नाही, पण पगाराच्या आसपास आणि सलग सुट्ट्या आल्या की नक्की होते. आता प्रश्न दिवाळीचा आहे. बोनस खात्यात जमा झाल्याचा संदेश बायकोच्या फोनवर येईल, ती रक्कम पतसंस्थेच्या मुद्दलाला वळवावी असे पत्र आम्ही आधीच देऊन ठेवले आहे, म्हणजे पैशांची बाजू बंद आहे. वेळेची बाजू उघडी होती. बोनसच्या आठवड्यात त्या दुकानांत खुर्ची मिळत नाही इतकी गर्दी असते आणि आमच्या खात्यातलीही चार पोरे तिथे असतात. म्हणून त्या आठवड्यापुरती मी दुसरी पाळी मागितली आहे, साडेतीन ते रात्री बारा. दिवाळीत दुसरी पाळी कोणी आपणहून मागत नाही, तेव्हा फोरमनने कारण विचारले आणि मी ते सांगितले. त्याने पाळी बदलून दिली, आणि त्या चार पोरांतल्या एकाचे नाव घेऊन विचारले की त्यालाही तुमच्यासोबत टाकू का. त्याला आधी विचारा, असे मी म्हणालो. उद्या मीच विचारणार आहे.